दहावी होऊन वीस वर्षं झाली, तरी स्वप्नात पेपरच! लहानपणापासून तेच स्वप्न पुन्हा पुन्हा का पडतं?

दहावीचा गणिताचा पेपर आहे. बाकीची मुलं लिहायला लागली आहेत आणि आपलं हॉल तिकीट सापडत नाही. किंवा प्रश्नपत्रिका हातात आल्यावर लक्षात येतं की आपण वर्षभर या विषयाचं पुस्तकच उघडलेलं नाही. घाम फुटतो, छाती धडधडते, जाग येते. मग हळूहळू आठवतं की दहावी पास होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली. आता आपल्याच मुलाची दहावी जवळ आली आहे.

कुणाच्या स्वप्नात परीक्षेच्या जागी लोकल असते. बोरिवली स्टेशनचा जिना संपता संपत नाही आणि डोळ्यांदेखत गाडी सुटते. कुणाच्या मागे कुणीतरी लागलेलं असतं, पळायचं असतं, पण पाय उचलत नाहीत. कुणाचे दात एकेक करून हातात येतात. कुणी उंचावरून पडतं. आणि असं सांगणारी बरीच माणसं एक वाक्य हमखास जोडतात, "हे स्वप्न मला लहानपणापासून पडतं."

मग प्रश्न सुरू होतात. हा कसला संकेत आहे का? काही वाईट घडणार आहे का? लहानपणी असं काही घडलं होतं का, जे आपण विसरलो आहोत? मागच्या जन्माशी याचा संबंध असेल का? इंटरनेटवर शोधलं तर प्रत्येक स्वप्नाचा एका ओळीत अर्थ सांगणारे व्हिडिओ शेकड्यांनी सापडतात. विज्ञानाला यातलं काय ठाऊक आहे, आपली परंपरा काय म्हणते आणि अशा स्वप्नाकडे गांभीर्याने कधी पाहायचं, हे समजून घेऊ.

वारंवार पडणारं स्वप्न म्हणजे नेमकं काय?

काही महिने किंवा वर्षं जवळपास त्याच रूपात परत परत येणाऱ्या स्वप्नाला पुनरावर्ती स्वप्न म्हणतात. काहींचं स्वप्न अगदी सिनेमासारखं तेच असतं. तेच घर, तोच दरवाजा, तोच शेवट. पण जास्त लोकांच्या बाबतीत विषय तोच राहतो आणि तपशील बदलतात. आज शाळेचा पेपर, पुढच्या वेळी कॉलेजचा. आज अंधेरीची गाडी चुकते, पुढच्या वेळी विमान.

हे फार थोड्यांनाच होतं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये साधारण ६० ते ७५ टक्के प्रौढ व्यक्तींनी आयुष्यात कधी ना कधी असं स्वप्न पडल्याचं सांगितलं आहे. पुरुषांपेक्षा स्त्रिया असं जास्त सांगतात. बहुतेक स्वप्नं सुखाची नसतात. भीती, घाई, असहायपणा किंवा लाज यांपैकी एखादी भावना त्यात असते.

सगळ्यात जास्त आढळणारा विषय म्हणजे पाठलाग. कॅनडातल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५५ नेहमीच्या स्वप्नांची यादी देऊन, यातलं कोणतं स्वप्न तुम्हाला कधी पडलं आहे, असं विचारलं होतं. कुणीतरी मागे लागल्याचं स्वप्न यादीत सर्वात वर होतं. उंचावरून पडणं, शाळा आणि अभ्यास, उशीर होणं हे विषयही वरच्या क्रमांकांवर होते. म्हणजे माँट्रियलमधला विद्यार्थी आणि मुलुंडमधला बँक कर्मचारी यांची स्वप्नं वाटतात तितकी वेगळी नाहीत.

वयानुसार पात्रं मात्र बदलतात. लहान मुलांच्या मागे राक्षस, भूत, जनावर किंवा बागुलबुवा लागतो. मोठेपणी त्या जागी अनोळखी माणूस, परीक्षा, सुटलेली गाडी किंवा ऑफिसातलं अर्धवट काम येतं. भीती तीच राहते, फक्त तिचे कपडे बदलतात.

झोपेत मेंदू काय करत असतो?

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. झोपेच्या काही टप्प्यांत बंद पापण्यांआड डोळे झपाझप हलतात आणि त्या वेळी माणसाला उठवलं तर तो बहुतेकदा स्वप्न सांगतो. या टप्प्याला रेम झोप म्हणतात.

रात्रभरात साधारण ९० मिनिटांचं एक अशी झोपेची चार-पाच चक्रं होतात. प्रौढांच्या एकूण झोपेत रेमचा वाटा साधारण २० ते २५ टक्के असतो. सुरुवातीच्या चक्रांत रेम थोडा वेळ टिकते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. इतर टप्प्यांतही स्वप्नं पडतात, पण ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं जास्त करून रेममध्ये पडतात.

'पहाटेचं स्वप्न खरं होतं' या समजुतीमागे काय असावं, ते इथे कळतं. पहाटे रेम जास्त असते, म्हणून स्वप्नं लांबलचक आणि स्पष्ट असतात. शिवाय त्यानंतर लगेच जाग येत असल्याने ती लक्षात राहतात. सहाची लोकल पकडण्यासाठी पाचचा गजर लावणाऱ्या माणसाची झोप नेमकी याच टप्प्यात मोडते. त्यामुळे त्याला वाटतं की आपल्याला रोज पहाटेच स्वप्न पडतं.

रेममध्ये आणखी दोन गोष्टी घडतात. भावनांशी, विशेषतः भीतीशी संबंधित मेंदूचे भाग चांगलेच सक्रिय असतात. तर्क आणि खातरजमा करणारा कपाळामागचा भाग त्या मानाने शांत असतो. म्हणूनच "माझी दहावी कधीच झाली आहे" ही साधी गोष्ट स्वप्नात सुचत नाही. दुसरं म्हणजे, या टप्प्यात हातापायांचे स्नायू जवळपास सैल पडलेले असतात. पळताना पाय न उचलण्याच्या अनुभवाशी याचा संबंध असावा, असं काही संशोधकांना वाटतं.

मग तेच तेच स्वप्न का?

याचं एकच सर्वमान्य उत्तर अजून नाही. चार प्रमुख मतं मात्र नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं मत, स्वप्न हे जागेपणीच्या आयुष्याचंच पुढचं पान आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी हजारो स्वप्नं गोळा करून हे मांडलं. माणसाला दिवसा ज्याची काळजी असते, तेच रात्री वेगळ्या वेषात येतं. काळजी जुनीच असेल, तर स्वप्नही जुनंच राहतं. आपल्याकडे हे मोजक्या शब्दांत सांगितलं जातं: मनी वसे ते स्वप्नी दिसे.

दुसरं मत फिनलंडचे अँटी रेवोन्सुओ यांनी २००० मध्ये मांडलं. स्वप्न म्हणजे धोक्याची रंगीत तालीम. आदिमानवाला हिंस्र प्राण्यांपासून पळण्याचा सराव झोपेतच होत असे, असं ते म्हणतात. हे तपासण्यासाठी कॅनडातल्या संशोधकांनी २००६ मध्ये २१२ पुनरावर्ती स्वप्नांचा अभ्यास केला. ६६ टक्के स्वप्नांमध्ये धोका होता, म्हणजे एवढ्यापुरता सिद्धांत जुळला. पण जिवावर बेतेल असा खराखुरा, शक्य कोटीतला प्रसंग १५ टक्क्यांहूनही कमी स्वप्नांत होता. धडपड करूनही स्वप्नातला माणूस क्वचितच सुटत होता. सराव म्हणावा, तर हा सराव बहुतेक वेळा अपयशीच ठरत होता.

तिसरं मत दाबलेल्या विचारांचं. डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्याआधी काही जणांना सांगितलं की अमुक व्यक्तीचा विचार अजिबात करू नका. त्यांच्याच स्वप्नात ती व्यक्ती जास्त आली. 'तो विषय नको' म्हणून दिवसभर बाजूला सारलेली गोष्ट रात्री परत दार ठोठावते, ती अशी.

चौथं मत जरा रुक्ष आहे. हार्वर्डचे ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅककार्ली यांनी १९७७ मध्ये म्हटलं की रेममध्ये मेंदूच्या खालच्या भागातून आपोआप संदेश उठतात आणि वरचा मेंदू त्यांची जमेल तशी गोष्ट बनवतो. या मतानुसार स्वप्नात कुणी गुप्त निरोप ठेवलेला नसतो. पण गोष्ट बनवताना मेंदू स्वतःच्याच जुन्या आठवणी आणि भावना वापरतो. मळलेली पायवाट समोर असली की पाय तिकडेच वळतात, तसं काहीसं इथे होत असावं.

ही मतं एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. एका गोष्टीवर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. वारंवार पडणाऱ्या स्वप्नाचा संबंध भविष्याशी नसून सध्याच्या ताणाशी असतो. ताण वाढला की ते परत येतं, ताण सुटला की ते विरळ होतं.

परीक्षेचं स्वप्न पास झालेल्यांनाच का पडतं?

परीक्षेच्या स्वप्नाचा विचार सिग्मंड फ्रॉइड यांनीही केला होता. स्वप्नांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक १८९९ च्या अखेरीस आलं, त्यावर वर्ष मात्र १९०० छापलेलं होतं. शालान्त परीक्षेत नापास होण्याचं स्वप्न, ती परीक्षा जे पास झाले आहेत त्यांनाच पडतं, असं निरीक्षण त्यांनी नोंदवलं आहे. दुसऱ्या दिवशी एखादी जबाबदारी पार पाडायची असेल, तेव्हा ते पडतं. जणू मन स्वतःला समजावतं की तेव्हाही असाच घाबरला होतास, पण निभावलं ना? फ्रॉइड यांच्या अनेक कल्पना आज मान्य होत नाहीत, पण हे निरीक्षण आजही बऱ्याच जणांना ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे दहावी-बारावी ही घरातली सर्वात मोठी घटना असते. टीव्ही बंद, पाहुणे बंद, शेजाऱ्यांचे प्रश्न सुरू. चुकलो तर सगळ्यांसमोर उघडे पडू, ही भावना बहुतेकांना पहिल्यांदा तिथेच एवढ्या जोरात भेटते. पुढे नोकरीतलं अप्रेझल असो, घराचं कर्ज असो की मुलांचे प्रवेश, ती भावना जागी झाली की मेंदू तिचं जुनं चित्र बाहेर काढतो.

यात घाबरण्यासारखं काही नाही, असं एक फ्रेंच अभ्यास सुचवतो. पॅरिसमध्ये वैद्यकीय प्रवेशासाठीच्या स्पर्धा परीक्षेला बसलेल्या ७१९ विद्यार्थ्यांना संशोधकांनी स्वप्नांबद्दल विचारलं. सुमारे ६० टक्क्यांना आदल्या रात्री परीक्षेचंच स्वप्न पडलं होतं आणि त्यातल्या ७८ टक्के स्वप्नांत काहीतरी बिनसलं होतं. उशीर झाला, उत्तर आठवलं नाही वगैरे. तरीही परीक्षेची स्वप्नं पडलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष परीक्षेत गुण सरासरीने जास्तच मिळाले. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वप्नामुळे गुण वाढले, असा याचा अर्थ नाही. स्वप्नात नापास होणं हा अपशकुन नाही, एवढं मात्र त्यातून दिसतं.

लोक काय म्हणतात, माहिती काय सांगते?

दात पडणं. घरातल्या कुणाचा तरी मृत्यू होणार, असं आपल्याकडे सांगितलं जातं. इस्रायलमध्ये २१० जणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या स्वप्नाचा संबंध मानसिक त्रासाशी दिसला नाही. तो दिसला सकाळी उठल्यावर दात-हिरड्यांत जाणवणाऱ्या ताणाशी. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर आधी दंतवैद्याला भेटा.

साप. कुणी धनलाभ म्हणतं, कुणी पितृदोष. साप हे जगभर आढळणाऱ्या नेहमीच्या स्वप्नांच्या यादीतलं एक स्वप्न आहे. सापाची भीती माणसात फार जुनी आहे. स्वप्नातल्या सापाचा पैशाशी किंवा पितरांशी संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही.

गाडी चुकणं, उशीर होणं. ज्यांचा दिवस घड्याळाच्या मिनिटावर चालतो, त्यांच्या स्वप्नात गाडी येणं स्वाभाविक आहे. हे स्वप्न सहसा 'मला सगळं जमत नाहीये' या भावनेच्या आसपास पडतं.

गेलेली व्यक्ती दिसणं. जवळचं माणूस गेल्यावर ते स्वप्नात दिसणं हा दुःखाचा नेहमीचा भाग आहे. 'त्यांचं काहीतरी राहिलंय' असं सांगून महागडे विधी सुचवणाऱ्यांपासून सावध राहा. अनेकांना अशा स्वप्नाने बरंही वाटतं.

छातीवर कुणी बसल्यासारखं वाटणं. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. मन जागं झालेलं असतं, पण रेममधले सैल स्नायू अजून जागे झालेले नसतात. काही सेकंद ते दोन-चार मिनिटांत हे आपोआप जातं. अपुरी झोप आणि झोपेच्या बदलत्या वेळा असतील, तर ते जास्त होतं.

आपली परंपरा काय म्हणते?

प्रत्येक स्वप्नाला फळ असतं, ही समजूत जुन्या ग्रंथांमधूनच आली आहे, असं अनेकांना वाटतं. पण त्याच ग्रंथांमध्ये वेगळा सूरही सापडतो. बृहदारण्यक उपनिषद सांगतं की स्वप्नात रथ नसतात, रस्ते नसतात, माणूस ते स्वतःच निर्माण करतो. मांडूक्य उपनिषद जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या मनाच्या अवस्था मानतं.

चरकसंहितेतलं वर्गीकरण तर आजही चकित करतं. इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पनेतलं, भावी गोष्ट सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यातले पहिले पाच प्रकार निष्फळ समजावेत, असं वैद्याला स्पष्ट सांगितलं आहे. भावी गोष्ट सुचवणारा प्रकार आज विज्ञान मानत नाही. पण पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं स्वप्नात येतं आणि त्याला फळ नसतं, हे तेव्हाच्या वैद्यांनी नोंदवून ठेवलं होतं.

संतपरंपरेत स्वप्नाला मानाचं स्थान आहे. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा गुरूपदेश स्वप्नात झाला आणि नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन अभंग रचायला सांगितलं, हे त्यांच्याच अभंगांतून कळतं. संत बहिणाबाईंनाही तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच मिळाला. या स्वप्नांचं मोल त्यांनी जागेपणी जे केलं त्यात आहे. कुणी पैसे घेऊन त्यांचा अर्थ सांगितला नव्हता.

पाण्याचं स्वप्न आणि २६ जुलै

सगळीच पुनरावर्ती स्वप्नं परीक्षेच्या स्वप्नासारखी निरुपद्रवी नसतात. काहींच्या मागे खरा आघात असतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अनेक मुलं रात्रभर शाळांमध्ये, बसमध्ये अडकली. साकीनाक्याला दरड कोसळून वस्तीच गाडली गेली. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. जोगेश्वरी आणि बोरिवलीही त्यात होती. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली उपनगरांतली मुलं आज तिशीच्या आसपास आहेत.

अशा प्रसंगातून गेलेल्या माणसाला तो प्रसंग जसाच्या तसा पुन्हा पुन्हा स्वप्नात दिसू शकतो. हे आघातानंतरच्या ताणविकाराचं एक प्रमुख लक्षण आहे. नेहमीच्या स्वप्नात रूपक असतं, इथे जवळपास चित्रफीत असते. कधी कधी आघाताची जागा दुसरं चित्रही घेतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्नेस्ट हार्टमन यांनी दाखवून दिलं की आगीतून किंवा हल्ल्यातून वाचलेल्या काहींना प्रचंड लाटेखाली सापडल्याचं स्वप्न पडत होतं. प्रसंग वेगळा, पण 'माझ्या हातात काहीच उरलं नाही' ही भावना तीच.

याचीच दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. लाटेचं स्वप्न पडतं, म्हणून लहानपणी काहीतरी घडलंच असेल, असं उलटं गणित मांडता येत नाही.

'लहानपणी काहीतरी घडलं असणार' असं कुणी सांगितलं तर?

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ज्युलियाना मात्सोनी आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९० च्या दशकात इटलीत केलेल्या प्रयोगांमध्ये एका तज्ज्ञाने सहभागी लोकांच्या स्वप्नांचा 'अर्थ' सांगितला. तुम्ही अगदी लहान असताना हरवला होतात, असं यावरून दिसतं, असं तो म्हणाला. अशी घटना घडली नव्हती असं आधी सांगितलेल्या अनेकांना नंतर ती घडली असावी, असं वाटायला लागलं.

म्हणजे स्वप्नाचा चुकीचा अर्थ माणसाच्या भूतकाळाबद्दलच्या समजुतीच बदलू शकतो. केवळ स्वप्नावरून एखाद्या नातेवाइकावर संशय घेणं, किंवा स्वप्नावरून पूर्वजन्म शोधणं यात हाच धोका आहे. 'हे स्वप्न मला चौथ्या वर्षापासून पडतं' या आठवणीतही थोडी भर पडलेली असू शकते, कारण स्वप्न दर वेळी सांगताना ते पक्कं होत जातं.

मात्र जी घटना माणसाला जागेपणी आठवते, ती स्वप्नातही येत असेल, तर 'स्वप्नच आहे' म्हणून तिला झटकून टाकू नये.

लहान मूल रात्री ओरडत उठत असेल तर?

आधी दोन गोष्टींतला फरक ओळखा. दुःस्वप्नातून मूल पूर्ण जागं होतं, काय दिसलं ते सांगतं आणि जवळ घेतलं की शांत होतं. हे बहुतेकदा रात्रीच्या उत्तरार्धात होतं. रात्रभय वेगळं. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळतं, डोळे उघडे असतात, पण ते कुणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. रात्रभयात मुलाला गदागदा हलवून उठवू नये. त्याला इजा होणार नाही, एवढं पाहावं. बहुतेक मुलांमध्ये हे वयाबरोबर जातं.

दुःस्वप्न सांगणाऱ्या मुलाला "काही नसतं, झोप" म्हणण्यापेक्षा ऐकून घ्या. चित्र काढायला सांगा, शेवट बदलायला सांगा. मूल अचानक एका व्यक्तीला किंवा जागेला घाबरू लागलं, शाळेत जायला नकार देऊ लागलं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर स्वप्नाचा अर्थ शोधत बसू नका. मुलाशी शांतपणे बोला आणि बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची मदत घ्या. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते.

हे स्वप्न थांबवता येतं का?

बऱ्याचदा, हो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात तीन गट होते: ज्यांना अशी स्वप्नं सध्या पडतात, ज्यांना पूर्वी पडायची पण थांबली आणि ज्यांना कधीच पडली नाहीत. मनःस्वास्थ्याच्या चाचण्यांमध्ये सध्या स्वप्नं पडणारा गट मागे होता. सर्वात चांगली स्थिती, ज्यांची स्वप्नं थांबली होती त्यांची होती.

त्रासदायक स्वप्नांसाठी सर्वाधिक अभ्यासलेला उपाय म्हणजे कल्पनाचित्रांचा सराव. बॅरी क्राकाव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांवर केलेली याची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दुःस्वप्नं कमी झाली आणि झोपही सुधारली. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये या उपायाची शिफारस केली. साध्या स्वप्नासाठी तो घरी करून पाहता येतो:

१. दिवसा, शांतपणे, स्वप्न कागदावर लिहून काढा. फार भीतीदायक स्वप्नाने सुरुवात करू नका.

२. त्याचा कोणताही भाग तुम्हाला हवा तसा बदला. हॉल तिकीट खिशात सापडतं. गाडी सुटते, पण मागून दुसरी रिकामी येते. पाठलाग करणाऱ्याला तुम्ही वळून विचारता, "काय हवंय?"

३. बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणा. जुनं स्वप्न उगाळू नका.

४. हे दोन-तीन आठवडे करा.

सोबत एक छोटी नोंदवही ठेवा. स्वप्न कोणत्या तारखेला पडलं, त्या दिवशी काय घडलं होतं, उद्या काय आहे, एवढंच लिहा. महिनाभरात बहुधा लक्षात येतं की स्वप्न महिनाअखेरीच्या आधी पडतं, किंवा एका ठरावीक व्यक्तीशी बोलणं झाल्यावर. त्यामागचा ताण दिसला की उपायही तिथेच शोधता येतो. झोपेची वेळ ठरावीक ठेवणं, झोपण्याआधी मोबाइल आणि दारू टाळणं याचाही फायदा होतो. रक्तदाबाची किंवा नैराश्याची काही औषधं सुरू केल्यावर स्वप्नं ठळक होऊ शकतात. तसं वाटलं तर औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

– स्वप्नामुळे झोपायचीच भीती वाटत असेल.

– आठवड्यातून अनेकदा दचकून जाग येत असेल आणि दिवसभराच्या कामावर परिणाम होत असेल.

– खरा अपघात, हल्ला, अत्याचार किंवा आपत्ती जशीच्या तशी स्वप्नात येत असेल आणि जागेपणीही त्या आठवणी छळत असतील.

– झोपेत हातपाय झाडणं, मारणं, पलंगावरून पडणं होत असेल. विशेषतः पन्नाशीनंतर हे सुरू झालं, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. काहींमध्ये हे पार्किन्सनसारख्या आजाराचं आधीचं लक्षण असतं.

– घोरणं, श्वास अडकून जाग येणं आणि गुदमरल्याचं स्वप्न हे एकत्र असेल.

– जगणं नकोसं वाटत असेल. अशा वेळी अजिबात थांबू नका.

यासाठी खूप पैसे लागतातच असं नाही. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. उपनगरातल्या लोकांना कूपर किंवा सायन अशा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे.

स्वप्नावरून 'करणी झाली आहे', 'बाधा आहे' असं सांगून कुणी पैसे उकळत असेल किंवा अघोरी उपाय करायला लावत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलिसांकडे तक्रार करता येते.

थोडक्यात

लहानपणापासून पडणारं स्वप्न हे भविष्याचं पत्र नाही आणि मागच्या जन्माची पावतीही नाही. एखादी जुनी भावना मनात अजून जागी असल्याची ती खूण असू शकते. स्वप्नकोशात त्याचा तयार अर्थ सापडणार नाही. 'हे स्वप्न पडतं तेव्हा माझ्या आयुष्यात काय चाललेलं असतं?' हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. स्वप्न अधूनमधून येऊन जात असेल, तर हसून सोडून द्या. ते झोप आणि दिवस दोन्ही हिरावून घेत असेल, तर मदत मागा. त्यावर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात.